पडताना हात सोडायचा

त्र्यंबक औताडे रस्त्यानं चालताना समोर बघत नसत, खाली बघत. नवीन माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी हरवलंय. वाळूजला आमच्या कंपनीच्या गेटपासून शॉपपर्यंत सिमेंटचा रुंद रस्ता होता. त्यावर ट्रकमधून सांडलेलं डिझेल दिसलं की हे थांबायचे, कडेची माती बुटानं ओढून त्या डागावर पसरायचे आणि मगच पुढं निघायचे. पहिल्या पाळीची गडबड, मागून लोक पळतायत, आणि हा चाळिशीचा माणूस मातीत पाय घासतोय. मी एकदा म्हटलं, "त्र्यंबकराव, कंपनीत सफाईवाले आहेत की."

"त्येंला डाग दिसतो, काळे," ते म्हणाले. "मला त्याच्यावरून घसरलेला माणूस दिसतो."

मी कंपनीत लागलो तेव्हा त्यांच्या शर्यती संपून काही वर्षं झाली होती. ते असेंब्लीला, मी क्वालिटीला. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. डाव्या खांद्याजवळ हाड वर आलेलं, शर्टातूनही दिसायचं. बोलणं बिडकीनचं. घरची बागायत, भाऊ शेती करायचे, हे शहरात नोकरीला. असा माणूस मोटारसायकलच्या शर्यतीत पळायचा, आणि त्यासाठी पार मद्रासला जायचा, हे आधी कुणाला खरंच वाटायचं नाही. शर्यत म्हटलं की आमच्याकडं बैलगाड्यांची. त्यांच्या वडलांचंही तेच मत होतं. संस्थानी काळापासून, पोलीस ॲक्शनच्याही आधी, त्यांच्याकडं घोडी असायची. लेकानं मोटारसायकलचं रबर रस्त्याला घासून झिजवलेलं बघून ते म्हणायचे, "घोडी बरी. ती पडायच्या आधी इचार तरी करती."

या वेडात त्यांचा जोडीदार म्हणजे युसुफभाई. शहागंजला त्यांच्या वडलांचं स्पेअर पार्टचं दुकान. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत या दोघांनी दोन मोटारसायकली उघडून, खरवडून, हलक्या करून शर्यतीच्या केल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाठवणारं नव्हतं. रजा टाकायची, टाकीतलं पेट्रोल काढून गाड्या रेल्वेच्या डब्यात चढवायच्या, मीटरगेजनं काचीगुड्यापर्यंत, तिथं गाडी बदलून मद्रास. मद्रासजवळ लढाईच्या काळात बांधलेली विमानांची एक धावपट्टी होती. विमानं गेली, पट्टी राहिली, तिथं शर्यती व्हायच्या. मोठ्या कंपन्यांच्या टीम यायच्या, त्यांचे तंबू, त्यांचे मेकॅनिक. हे दोघं एका चादरीवर पाने-पक्कड मांडून बसायचे. अंगात छावणीतल्या एका खोगीर शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेली चामड्याची जाकिटं. "इतकी जड," त्र्यंबकराव सांगायचे, "का घालून बसलं की बैलाला झूल घातल्यावानी वाटायचं."

त्यांनी एकही शर्यत जिंकली नाही. सगळ्यात वरचा नंबर चौथा. पण कँटीनमध्ये चहाच्या वेळी ते ती चौथ्या नंबरची शर्यत टेबलावर मांडायचे तेव्हा शेजारच्या टेबलावरचे लोक उठून यायचे. ताटलीचा काठ म्हणजे मोठं वळण, ग्लास म्हणजे कडेला रचलेल्या पेंढ्या, खारीचा तुकडा म्हणजे ते स्वतः. खारी वळणावर तिरपी करत ते सांगायचे, "इथं सगळे घाई करीत व्हते. वेग येगळा, घाई येगळी. मी ब्रेक सोडला, आन् गाडीला म्हणलं, जा बाई तुला जायचं तिकडं." मग खारी चहात बुडवून खाऊन टाकायचे. शर्यत संपली.

दुसरी गोष्ट पडण्याची. पुढच्या कुणाच्या तरी गाडीचं ऑइल वळणावर गळलं होतं. त्यावरून त्र्यंबकराव घसरले आणि मागोमाग युसुफभाई. जागा एकच, डाग एकच. त्र्यंबकरावांनी हँडल सोडलं, अंग सैल टाकलं, लांबवर लोळत गेले आणि उठून उभे राहिले. खांद्याचं हाड तेवढं मोडलं. युसुफभाईंनी हँडल सोडलं नाही. गाडीखाली गुडघा गेला, तो कायमचा. युसुफभाई स्वतःच हसत सांगायचे, "मैं गाडीकू बचाने गया जी. गाडी बच गई."

तेव्हापासून त्र्यंबकराव भेटेल त्याला पडायला शिकवायचे. "पडताना हात सोडायचा. धरून ठिवलं की मोडतं." कंपनीत दुचाकीवरून येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला हा धडा मिळायचा. एकदा सेफ्टीच्या कार्यक्रमात साहेबांनी कौतुकानं त्यांना बोलावलं, तर यांनी भाषण न करता सगळ्या साहेबांना हिरवळीवर नेलं आणि म्हणाले, "लोळा." इस्त्रीच्या पँटी, गळ्यात टाय. पर्सोनेलचे साहेब भीतभीत आडवे झाले, एक गिरकी घेतली आणि त्यांच्या शर्टाची दोन बटणं तुटून गवतात पडली. हसू कुणी दाबलं नाही. त्र्यंबकराव मात्र गंभीर. "साहेब, मान आत घ्या. परत."

हे घरी सांगितल्यावर कुसुमवहिनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. वहिनी पैठणकडच्या. त्यांनी आयुष्यात एकही शर्यत पाहिली नव्हती, पण सगळ्या शर्यती त्यांना पाठ होत्या. नवरा सांगता सांगता चुकला की भाकरी थापता थापता आतून आवाज यायचा, "अवो, तिसऱ्या चक्करला न्हाई, चौथ्या! तिसऱ्याला तर तुमी मागंच व्हता." त्र्यंबकराव जीभ चावायचे आणि चौथ्या फेरीपासून परत सुरू करायचे. एकुलती एक मुलगी नाशिकला दिलेली. त्यामुळं घरात ही दोघं, आणि शुक्रवारी नमाजनंतर लंगडत येणारे युसुफभाई. तिघांचं ते मद्रास. मी कधी कधी चौथा.

त्यांनी गारखेड्यात घर बांधलं होतं. दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. संध्याकाळी वहिनींना मागं बसवून ते गिरणीतून दळण आणत होते. वहिनी एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर पिठाचा पत्र्याचा डबा. पाण्याची लाईन टाकायला रस्ता खणून बुजवला होता, वर बारीक खडी पसरली होती. त्र्यंबकरावांनी ती पाहिली होती. ते बघणार नाहीत असं होणारच नव्हतं. म्हणून तर ते इतकं हळू चालवत होते की पायी जाणारा शेजारून पुढं गेला असता. कडेला उभ्या असलेल्या जीपचं दार एकाएकी उघडलं. यांनी ब्रेक दाबला. पुढचं चाक खडीवर सरकलं आणि गाडी आडवी झाली.

एवढंच घडलं. समोरच्या भाजीवाल्यानं नंतर मला सांगितलं, काका कोलांटी घेऊन लगेच उभे राहिले, आम्हाला वाटलं काहीच झालं नाही. वहिनी मात्र डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून पाठीवर पडल्या होत्या, आणि खाली नालीचा सिमेंटचा काठ होता.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते बाकावर बसले होते. केसांत पीठ, भुवयांवर पीठ. अंगावर एक ओरखडा नव्हता. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "काळे, मी हात सोडला."

मला आधी कळलंच नाही.

"मला समजायच्या आधी सोडला. अंगानं आपलं आपण करून घेतलं. मागं ती बसलीय हे अंगाला ठावंच नव्हतं."

"पडताना कुणाला काय सुचतं, त्र्यंबकराव," असं काहीतरी मी बोललो.

"मला सुचलं ना," ते म्हणाले. "तेच तर."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मुंबईच्या डॉक्टरांना फोटो दाखवून झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच आलं. कमरेखालचं अंग परत येणार नाही. वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पीठ सगळं सांडलं का वो?"

त्र्यंबकरावांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. शर्यतीची गाडी युसुफभाईंच्या दुकानात नेऊन ठेवली, साधी गाडी भावाला देऊन टाकली. त्यानंतर ते पायी हिंडायचे, नाहीतर रिक्षात मागं, दांडी घट्ट धरून. वहिनींची कूस वेळेवर बदलायची, पाठीला पावडर लावायची, पायांना तेल चोळायचं. ज्या पायांना काही कळत नाही ते पाय ते तासन्‌तास चोळत बसायचे. भाकरी शिकले. पहिले काही महिने भाकरीचा नकाशा व्हायचा. वहिनी खाटेवरून सूचना द्यायच्या, "पाणी कमी. पाणी कमी म्हणते ना! तुमी इंजिनात ऑइल घालत न्हाई, पीठ मळताय."

वहिनी होत्या तशाच राहिल्या, बदलले ते. त्यांनी शर्यतींचं बोलणं बंद केलं. शुक्रवारी युसुफभाई यायचे. पूर्वी दोघांत मद्रासवरून अशी भांडणं जुंपायची की शेजारी डोकावायचे. आता दोघं चहाच्या कपाकडं बघत बसायचे. वहिनींना ते सहन व्हायचं नाही. मग त्या युसुफभाईंना म्हणायच्या, "भाईजान, तुमी तरी बोलो. वो चौथे चक्कर का बोलो."

युसुफभाई मित्राकडं बघायचे, मग घसा साफ करून सुरू करायचे. "हौ भाभी. तो क्या हुआ, ये मेरे आगे था..." पहिलं वळण आलं की त्र्यंबकराव उठून स्वयंपाकघरात जायचे. आतून भांडी वाजायला लागायची. वहिनी शर्यत पूर्ण ऐकायच्या, चुका काढायच्या, आणि शेवटी चौथा नंबर आला की आतल्या दाराकडं बघायच्या. दारात कुणी यायचं नाही.

एकदा बाहेर पडताना युसुफभाई बाहेरच्या पायरीवर थांबले. गुडघा दुखत होता म्हणून थांबले असं मला वाटलं. म्हणाले, "काळेसाब, इसका क्या करना जी? हड्डी टूटी होती तो प्लास्टर लगाते. ये तो दिखताच नहीं किधर टूटा." मी त्यांना हाताचा आधार दिला. आम्ही दोघं खाली उतरलो, आणि ते आपल्या रिक्षाकडं गेले, मी माझ्या घराकडं.

पुढं शहरात मोटारसायकलवाल्या तरुणांचे गट निघाले. रंगीत जाकिटं, महागडी हेल्मेटं, रविवारी पहाटे दौलताबादकडं रांगेनं जाणारी पोरं. त्यांच्यातल्या कुणाला तरी युसुफभाईंच्या दुकानात ती जुनी गाडी दिसली, आणि त्यांनी जुन्या रेसरांचा सत्कार ठरवला. जुने रेसर म्हणजे हे दोनच. त्र्यंबकराव सरळ नाही म्हणाले. वहिनी त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेजारणीकडून कपाटातली हिरवी पैठणी काढून घेतली आणि सांगितलं, "मला न्यायचं. मी आजवर एक शर्यत बघितली न्हाई, निदान हार घालताना तरी बघू द्या."

एका मंगल कार्यालयाचा हॉल होता. चाकाच्या खुर्चीत वहिनी पहिल्या रांगेत, शेजारी मी. स्टेजवर दोघं शाल पांघरून बसलेले. युसुफभाई मजेत होते, त्यांनी गुडघ्याची गोष्ट सांगून हॉल हसवला. मग सूत्रसंचालन करणाऱ्या मुलानं माइक त्र्यंबकरावांपुढं धरला. "काका, तुमच्या रेसिंग लाइफमधला सगळ्यात भारी क्रॅश कोणता?"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्र्यंबकरावांनी माइक हातात घेतला. कँटीनमध्ये सांगायचे त्याच शांत आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"रस्ता गारखेड्याचा. खडी बारीक, कोरडी. गाडी दुसऱ्या गिअरला. वेग काहीच नव्हता. मागं बायको, तिच्या मांडीवर दळण."

हॉलमधल्या मुलांना वाटलं, विनोद आहे. काहीजण हसले. त्र्यंबकराव पुढं सांगत गेले. जीपचं दार, ब्रेक, चाक. मग थांबून म्हणाले, "मी पडलो, आन् मी बराबर पडलो. मद्रासला शिकलो तसा. हात सोडला, मान आत घेतली, लोळलो, उठलो. मला काही झालं न्हाई. मी सगळ्या कंपनीला पडायला शिकवलं. पर्सोनेलच्या साहेबाला शिकवलं. घरात बायको व्हती, तिला शिकवलं न्हाई. ती कुठं पडणार, असं वाटलं. ती माझ्याच मागं बसणार ना."

आता कुणी हसत नव्हतं. माइक हातात तसाच राहिला. तो सूत्रसंचालक मुलगा कधी त्यांच्याकडं, कधी आमच्याकडं बघत होता. तेवढ्यात माझ्या शेजारून वहिनींचा आवाज हॉलभर गेला.

"अवो, ते काय सांगताय! चौथ्या नंबराचं सांगा की! पोरं त्याच्यासाठी आलीत!"

त्र्यंबकरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांनी माइक युसुफभाईंकडं दिला आणि खुर्चीत बसले. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, ती दोन-चार वाजून थांबली.

परत येताना खुर्ची युसुफभाईंच्या टेम्पोत गेली. आम्ही एका रिक्षात. मी ड्रायव्हरशेजारी, मागं वहिनींना कवेत धरून त्र्यंबकराव. वहिनी भडकल्या होत्या. "सगळ्या गावाला माझं पीठ सांगितलं."

"कुसुम," ते म्हणाले. इतक्या वर्षांत बायकोचं नाव त्यांनी दुसऱ्यासमोर घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "एकदा म्हण. तुमच्यामुळं झालं म्हण. एकदाच."

"म्हणलं तर पाय येत्यात का?"

"न्हाई."

"मग कशाला माझं तोंड कडू करू?"

आरशात मला त्र्यंबकरावांचा चेहरा दिसत होता. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला कुणी दारातूनच परत पाठवावं, तसा. मी आरशातून नजर काढून रस्त्याकडं बघत राहिलो.

वहिनी त्यानंतर थोडी वर्षं होत्या. खाटेवरच्या माणसाला जे गाठायचं ते शेवटी त्यांना गाठलंच. पाठीच्या जखमेतून ताप आला, लघवीत दोष निघाला, मूत्रपिंडं थकली. एकही वेळ चुकवली नव्हती त्र्यंबकरावांनी, एकही कूस विसरले नव्हते. डॉक्टर स्वतः म्हणाले, इतकी वर्षं या अवस्थेत माणूस राहत नाही, ही तुमची सेवा. त्र्यंबकरावांनी डॉक्टरांकडं असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

दहाव्यानंतर मी गेलो होतो. युसुफभाईही होते. आम्ही बोलत बसलो होतो. पावसाचं, बिडकीनकडच्या जमिनी कंपन्यांसाठी गेल्या त्याचं. बोलता बोलता त्र्यंबकराव उठले, हाताला पावडर लावल्यासारखे तळवे एकमेकांवर चोळले, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि चौकटीला हात लावून थांबले. कूस बदलायची वेळ झाली होती. आत खाट नव्हती, ती आदल्या दिवशीच कुणाला तरी दिली होती. ते तिथं उभे राहिले. युसुफभाईंनी तोंडावर रुमाल धरला. काही वेळानं त्र्यंबकराव परत येऊन बसले आणि म्हणाले, "हां. जमिनीचं काय म्हणत व्हता?"

मुलगी नाशिकला न्यायचं म्हणत होती. हे नको म्हणत होते. शेवटी गेले तिच्याकडं राहायला. त्याआधी ते मला एकदा दिसले, भेट म्हणता येत असेल तर ती शेवटची.

मी सिटी बसमध्ये खिडकीशी होतो. गारखेड्याचा तो रस्ता आता ओळखू येत नाही इतका रुंद झालाय, मधे डिव्हायडर, दोन्हीकडून सारखी वाहतूक. सिग्नलला आमची बस थांबली. पाहतो तर त्र्यंबकराव रस्त्याच्या कडेला, हातात भाजीची पिशवी. त्यांना पलीकडं जायचं होतं. एक पाय खाली टाकायचे, मागं घ्यायचे. हात वर करून गाड्यांना थांबायला सांगायचे, आणि कुणी थांबायचं नाही. एक मोटारसायकलवाला अगदी जवळून गेला, मान वळवून ओरडला, "काका, मरायचंय का?" त्यांनी मान हलवली. नाही म्हणून की चुकलं म्हणून, कळलं नाही.

इतक्यात डोक्यावर घमेली घेतलेल्या बांधकामावरच्या तीन-चार बाया आल्या. त्या न बघताच रस्त्यात शिरल्या, आणि हे त्यांच्या मागोमाग, पिशवी छातीशी धरून, घाईघाईनं. डिव्हायडरपर्यंत आले. बाया एका दमात पलीकडं उतरून गेल्या. यांना जमलं नाही. ते डिव्हायडरवरच राहिले, दोन्ही अंगांनी गाड्या वाहत होत्या.

मी खिडकीतून डोकं काढून हाक मारली, "त्र्यंबकराव!" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, मग मला पाहिलं. ओळखलं असावं, कारण ते किंचित हसले. मी उतरायला उठलो, पण दाराशी माणसं दाटली होती आणि सिग्नल सुटला. बस हलली. मी परत खिडकीशी आलो. पिशवी काखेत धरून त्यांनी हात उचलला आणि मला खूण केली, जा, तुम्ही जा.

बस वळेपर्यंत ते तिथंच उभे होते.